सी झोनमधला ठिपका

लोकांचं हातावर पोट असतं, माझं डोळ्यांवर आहे. महाळुंग्याच्या एका कंपनीत गाड्यांच्या हेडलाइटची पुढची पारदर्शक कव्हरं बनतात. ती गाडीवर चढण्याआधी त्यांच्यावरचा ओरखडा, काळा ठिपका, आत अडकलेला बुडबुडा शोधून काढायचा, हे माझं काम. पांढऱ्या ट्यूबखाली उभं राहायचं, कव्हर हातात फिरवायचं, आणि हिरवा नाहीतर लाल स्टिकर मारायचा. एवढं करून मी स्वतःला काय समजत होते, ते विचारू नका.

दर वर्षी कंपनी आम्हा तपासणाऱ्या बायकांचे डोळे तपासते. दोन्ही डोळ्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली तर टेबल आपलं. नाही आली तर पॅकिंग. पॅकिंगमध्ये पगार तोच असतो, पण दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावायची, आणि जिच्या मालाला काल आपण लाल स्टिकर मारला ती आज आपल्याला "ताई, जरा तिकडं सरका" म्हणणार. आमच्यातली एकजण मोतीबिंदूनंतर तिकडं गेली ती दुपारचा डबासुद्धा आमच्याबरोबर खाईनाशी झाली. मला त्या पॅकिंगची भयंकर भीती वाटायची. आजही वाटते.

आणि नजर म्हणाल तर घरीदारी कुणाला सुख नाही. लग्नाला गेले की हॉलमधल्या ताटाची कड बघणार. भाचीचा साखरपुडा होता तेव्हा अंगठीवरचा ओरखडा मी सगळ्यांच्या देखत दाखवला, आणि तेव्हापासून आमची लातूरकडची मंडळी मला वस्तू दाखवायच्या आधी देवाला दाखवतात. आमचे हे तर नवीन शर्ट गाडीच्या डिकीत ठेवून येतात. मी कामावर गेले की मग बाहेर काढतात.

यांची ओळख करून देते. चाकणच्या एका गोदामात स्टोअरकीपर आहेत. नटबोल्ट मोजायचे, रॅकवर लावायचे, मागेल त्याला द्यायचे. बोलण्याचं म्हणाल तर माणूस रॅकपेक्षा थोडा जास्त बोलतो. त्यांची कायमची सेकंड शिफ्ट आणि माझी जनरल, त्यामुळं पुनावळ्याच्या आमच्या भाड्याच्या घरात एकजण झोपलेला असतो तेव्हा दुसरा डबा भरत असतो. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते. सगळं जग रविवारी जे काही करतं, ते आम्ही नवरा-बायको गुरुवारी उरकतो, भांडणसुद्धा.

अशाच एका गुरुवारी आरशात बघताना मला उजव्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर एक लाल ठिपका दिसला. मोहरीएवढा. दुखत नव्हता, खुपत नव्हता. दुसरी एखादी बाई असती तर तिनं डॉक्टर गाठला असता किंवा निदान नवऱ्याला दाखवला असता. मी पर्समधून कंपनीचं कार्ड काढलं.

हे कार्ड म्हणजे प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर बारीक ते मोठे असे काळे ठिपके छापलेले असतात. मालावरच्या डागाशेजारी ती धरायची आणि डाग केवढा ते ठरवायचं. ते कार्ड मी आरशासमोर माझ्या डोळ्याला लावलं. मग झोन ठरवला. आमच्याकडं प्रत्येक कव्हरचे तीन भाग असतात. गिऱ्हाइकाच्या थेट नजरेत येतो तो ए झोन, तिथं केसाएवढाही ओरखडा चालत नाही. कडेचा तो बी. आणि बंपरच्या आड जाणारा कोपरा म्हणजे सी झोन, तिथं बारीकसारीक डाग माफ असतात. नाकाकडचा कोपरा म्हणजे माझ्या हिशेबानं सरळसरळ सी झोन. ठिपका लहान, झोन सी. माल पास.

"काय बघायलीस एवढं?" हे मागून म्हणाले.

"काही नाही. तुम्ही जेवा."

तरी मी काही अगदीच बेपर्वा बाई नाही. लक्ष ठेवायचं ठरवलं. दर गुरुवारी सकाळी गॅलरीत उजेडाकडं तोंड करून डोळ्याचा फोटो काढायचा, नाकाला पट्टी लावून, म्हणजे माप कळावं. मग तो मागच्या गुरुवारच्या फोटोशी ताडून बघायचा. मोबाइलमध्ये त्याचा वेगळा अल्बम केला. आठवड्यामागून आठवडे गेले, फरक शून्य. मी दर गुरुवारी स्वतःला हिरवा स्टिकर मारत राहिले, आणि मनातल्या मनात म्हणत राहिले की बाकीच्या बायका कशा घाबरून दवाखान्यात धावतात, शिकल्या नाहीत ना बिचाऱ्या.

घरमालकीणबाई पुनावळ्याच्या जुन्या घरातल्या. इथं शेतं होती तेव्हापासूनच्या. त्यांनी जिन्यात माझी हनुवटी धरून बघितलं आणि म्हणाल्या, "आगं, रांजणवाडी हाय ती. लवंग उगाळून लाव, दोन दिसांत बसंल."

"रांजणवाडी पापणीवर येते हो मावशी. हे आत आहे."

"मंग आतनं लाव."

लवंग मी लावली नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. औषधाच्या दुकानातून लाल डोळ्यावरचे थेंब मात्र आणले. कुणालाही न विचारता. थेंब टाकले की चार दिवस लाली उतरायची, बंद केले की पुन्हा यायची. त्यावर मी असा निष्कर्ष काढला की औषध लागू पडतंय.

असं वर्षभर चाललं. मग आमच्या कंपनीत गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट आलं. त्यांचा माणूस येऊन आमचं काम उभ्या उभ्या बघणार होता. त्याच सकाळी माझ्या डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं व्हायला लागलं. आता आमच्या पट्ट्यात डोळ्यात काही गेलं की डॉक्टरकडं जायची पद्धत नाही. मशीनवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात धातूचा बारीक कीस जातच असतो, त्याला आम्ही बर म्हणतो, आणि प्रत्येक खात्यात बर काढणारा एक मानाचा माणूस असतो. तो रुमालाच्या टोकाची वात करतो, पापणी उलटी करतो, आणि एका फटक्यात बर बाहेर. आमच्या खात्यातला हा मानकरी मोल्डिंग मशीनवरचा एक जाडजूड गडी. मी त्याच्यापुढं जाऊन डोळा वर केला.

त्यानं वात फिरवली. पुन्हा फिरवली. "ताई, निघंना राव. चिकटून बसलंय."

"जोर लाव की जरा."

हे मी म्हणाले. त्याचा काही दोष नाही. त्यानं बिचाऱ्यानं जोर लावला.

तासाभरानं तो ऑडिटवाला माझ्या टेबलाशी उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मी छाती पुढं काढून कव्हर उचललं, ट्यूबखाली धरलं, वाकून बघायला लागले. डोळ्यात पाणी आलं. ते पाणी टपकन त्या कव्हरवर पडलं, बरोबर मधोमध, ए झोनमध्ये, आणि ते लाल होतं.

तो माणूस वाकून बघत म्हणाला, "मॅडम, ये कौन सा डिफेक्ट है?"

आणि मी, माझ्या डोळ्यातून रक्त गळतंय हे कळूनसुद्धा, ट्रेनिंगमध्ये घोटलेलं उत्तर दिलं. "सर, फॉरेन पार्टिकल." लाल स्टिकर काढला आणि चिकटवलाही.

नंतर कळलं की त्या प्रकरणावर कंपनीत रीतसर बैठक झाली. दोष कशामुळं आला, पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं, वगैरे. उपाय ठरला तो असा, की इन्स्पेक्टरनं आधी डोळे पुसावेत आणि मगच माल उचलावा. तो कागद अजून आमच्या टेबलावर लटकतोय.

कंपनीच्या दवाखान्यातल्या माणसानं मला थेट चिंचवडला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. हे शिफ्टला निघायच्या बेतात होते, ते तिकडंच आले. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा खूप लहान, बारीक चणीच्या, आवाज मऊ. मी मनात म्हटलं, हिला काय कळणार.

"हे कधीपासून आहे?"

"झालं वर्षभर."

"वाढलंय?"

"अजिबात नाही," मी म्हणाले, आणि मोठ्या ऐटीत मोबाइल काढला. "पुरावा आहे माझ्याकडं. दर आठवड्याचा फोटो, एकाच उजेडात, पट्टी लावून."

बाईंनी कौतुकानं बघितलं. असा पेशंट पहिल्यांदाच भेटला म्हणाल्या. मी यांच्याकडं बघितलं, ऐकताय ना, अशा अर्थानं. मग बाई म्हणाल्या, "यातला अगदी पहिला फोटो काढा बरं." त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, मला माझ्या मोबाइलवर शेवटचा काढायला लावला, आणि दोन्ही मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

पहिल्यात मोहरी होती. शेवटच्यात डाळिंबाचा दाणा होता, आणि त्याच्याकडं चारी बाजूंनी लाल शिरा धावत आलेल्या होत्या.

मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी काय शिकवते, सांगू? मागच्या पीसशी ताडून बघू नका, नेहमी मास्टर पीसशी, म्हणजे मंजूर झालेल्या मूळ नमुन्याशी बघा. मागच्याशी ताडत गेलात तर संध्याकाळपर्यंत बादलीसुद्धा हेडलाइट म्हणून पास कराल. हे वाक्य माझं आहे, त्यावर पोरी हसतात, आणि मी दर वेळी ते तितक्याच तोऱ्यात म्हणते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण लोक उगाच बोलायची म्हणून बोलतात असं मला वाटायचं. मी तर मुसळाचा दर आठवड्याला फोटो काढत होते.

बाईंनी मला यंत्रापुढं बसवलं. हनुवटी इथं, कपाळ तिथं, खाली बघा, वर बघा. कापसाच्या बोळ्याच्या टोकानं त्यांनी तो दाणा हळूच हलवून बघितला, तो खालच्या पांढऱ्यावर सरकतोय की रुतलाय ते कळायला. पडद्यावर माझा डोळा भिंतीएवढा दिसत होता. तपासणाऱ्याच्या जागेवर नेहमी मी असते. तपासला जाणारा माल होणं काय असतं, ते त्या स्टुलावर कळलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या पांढऱ्यावर एक पारदर्शक पडदा असतो. त्यातल्या रक्तवाहिन्यांचा गुंता वाढून ही गाठ झाली आहे. रक्तवाहिन्यांचा ट्यूमर. तान्ह्या बाळांच्या अंगावर असले लाल डाग दिसतात, पण डोळ्यावर, आणि या वयात, क्वचितच. बर लागून जखम झाली तरी असं लाल मांस वाढतं, पण इतकं सावकाश नाही. बहुतेक अशा गाठी निरुपद्रवी असतात. "अडचण एवढीच आहे," त्या म्हणाल्या, "की दोन-तीन वाईट गाठीही अगदी अशाच दिसतात. काढून, प्रयोगशाळेत बघितल्याशिवाय मी नाव सांगणार नाही."

"अंदाज तरी सांगा. पास का रिजेक्ट?"

"अजून काहीच नाही."

आमच्याकडं याला होल्ड म्हणतात. पिवळा स्टिकर. पिवळा माल ना पुढं जातो ना मागं, कोपऱ्यात पडून राहतो.

"आणि वाईट निघाली तर?" मी विचारलं.

बाईंनी शब्द फिरवले नाहीत. "बुबुळाच्या कडेपर्यंत आलेली आहे. वाईट असली आणि आत उतरलेली असली, तर डोळा वाचेलच असं मी म्हणणार नाही."

मी यांच्याकडं बघितलं. हे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होते.

ऑपरेशनआधी रक्ताच्या तपासण्या आल्या, त्यात एचआयव्हीची. असल्या गाठींची एक वाईट बहीण आहे, ती अंगातली ताकद खचलेल्यांना होते, म्हणून बघून घेऊ, असं बाई म्हणाल्या. तसंही कुठल्याही ऑपरेशनआधी ती करतातच. एवढं स्वच्छ सांगूनही मी दोन दिवस आमच्या यांच्याकडं काय नजरेनं बघितलं, ते माझं मला माहीत. गोदामात येणारे सगळ्या मुलखातले ड्रायव्हर आठवले. यांनी एकदा तळेगावला मित्राकडं मुक्काम केला होता, तो आठवला. चोवीस तासांतले चौदा तास झोपेत आणि रॅकपाशी घालवणाऱ्या माणसाचं मी मनातल्या मनात अख्खं दुसरं घर मांडून दिलं. रिपोर्ट निर्मळ आला, तेव्हा मी काही कारण नसताना साजूक तुपातला शिरा केला.

"कोण यायलंय?" यांनी विचारलं.

"कुणी नाही. खा गप."

ऑपरेशनच्या आदल्या गुरुवारी मी एक उद्योग केला. घरात किल्ल्या ठेवायला कंपनीतलं एक बाद कव्हर आणून ठेवलेलं आहे. ते घेतलं, उजवा डोळा हातानं झाकला, आणि एका डोळ्यानं तपासायला बसले. ओरखडा दिसत होता. पण तो कव्हरच्या बाहेरून आहे की आतून, ते काही केल्या कळेना. दोन डोळ्यांनी जे क्षणात कळतं, त्याला एका डोळ्यानं अंदाज करावा लागत होता. बाहेरचा ओरखडा पॉलिश होतो, आतला बाद जातो. त्याच फरकावर तर माझा पगार आहे. मी दोनदा चुकले, तीनदा चुकले, मग कव्हर उशीवर आपटलं. मला रडू आलं, आणि रडायची भीतीही वाटली, कारण रडलं की ते पुन्हा लाल यायचं. हे दारात उभे होते. आत जाऊन त्यांनी चहा ठेवला, तो उतू घालवला, आणि शेगडी पुसत बसले.

ऑपरेशनच्या दिवशी डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन दिलं. मी जागी होते. वर मोठा गोल दिवा होता आणि त्याच्या कव्हरला एक ओरखडा होता, तो मी बधीर व्हायच्या आत शोधला. बाईंचं काम मात्र बघण्यासारखं असणार, मला तेवढं ऐकू आलं. गाठीला चिमटा लावायचा नाही, तिच्या बाजूचा चांगला भाग घेऊन अख्खी उचलायची, म्हणजे काही सांडायला नको. कडा गोठवायच्या. शिरा बंद करायच्या.

"मॅडम, चारी बाजूंनी जागा सोडून कापलंय ना?" मी विचारलं.

"सोडलीय. आता बोलू नका, डोळा हलतो."

उघड्या पडलेल्या जागेवर त्यांनी एक पातळ पापुद्रा चिकटवला. बाळंतपणात वारेबरोबर येतो तो, स्वच्छ करून जपून ठेवलेला असतो. कुठल्या तरी अनोळखी बाईचं बाळंतपण सुखरूप झालं म्हणून माझी जखम झाकली गेली, याचं मला फार बरं वाटलं. घरमालकीणबाईंना मी हे सांगितलं तर त्यांनी विचार करून विचारलं, "पोरगं व्हतं का पोरगी?"

आता रिपोर्टची वाट बघायची. यांनी रजा टाकली. कित्येक वर्षांत आम्ही सलग इतके दिवस एका छताखाली जागे राहिलो नव्हतो, आणि दुसऱ्याच दिवशी मला कळलं की ही वेगवेगळ्या शिफ्टची सोय चांगलीच होती. हे औषधाच्या बाटल्या स्टोअरसारख्या ओळीत मांडणार, जुनी पुढं, नवी मागं. माझी पापणी ओढून थेंब टाकणार, निम्मे गालावर. भाकरीचा घाट घातला तो असा, की घरमालकीणबाईंची गाय वास घेऊन मागं सरली. आणि बोलायचं नाव नाही. मला बोलायला हवं होतं. मला कुणीतरी म्हणायला हवं होतं की काही होणार नाही, खोटं का असेना.

रिपोर्ट घ्यायला निघालो त्या सकाळी माझा तोल गेला. "एवढं मोठं दुखणं झालं," मी म्हणाले, "तुम्ही त्या डॉक्टरला एक प्रश्न विचारला नाहीत. एक. लोकांचे नवरे खोदून खोदून विचारतात. तुम्ही आपले तक्ता वाचत उभे. माझा डोळा गेला काय आणि राहिला काय, तुमच्या गोदामात तर काही कमी पडत नाही."

हे बुटाची लेस बांधत होते. ती त्यांनी सोडून पुन्हा बांधली.

चिंचवडला दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो. आत बोलावलं, बाईंनी पाकीट आधीच उघडलेलं होतं, आणि त्या हसत होत्या. साधी गाठ. बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, दुसरं काही नाही. वाईट पेशी नाहीत, कडा स्वच्छ, आत उतरलेली नाही. डोळ्याला धक्का नाही. पुन्हा उगवते कधी कधी, म्हणून दर काही महिन्यांनी येऊन दाखवायचं, आणि दुकानातून परस्पर थेंब आणायचे नाहीत. त्यांनी मला तक्त्यापुढं उभं केलं, डावा डोळा झाकला. पापुद्र्यामुळं थोडं धूसर होतं, तरी शेवटच्या ओळीतली दोन अक्षरं सोडून सगळी वाचली. "महिन्याभरात तीही दिसतील," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत बसले. पॅकिंग, खोकी, चिकटपट्टी, सगळं अंगावरून उतरून गेलं. मी देवाचं नाव घेतलं, बाईंचे हात धरले.

फाइल बंद करता करता बाई यांच्याकडं बघून म्हणाल्या, "काका, आता तुमच्या त्या प्रश्नाची गरज नाही."

"कुठला प्रश्न?" मी विचारलं.

यांनी पुन्हा तक्ता वाचायला घेतला.

"ऑपरेशनच्या दिवशी तुम्हाला आत तयार करत होते ना, तेव्हा हे माझ्या खोलीत आले," बाई म्हणाल्या. "म्हणाले, हिचा डोळा काढावा लागला तर माझा एक तिला बसवता येईल का. मी सांगितलं, अख्खा डोळा बसवता येत नाही. नेत्रदानातसुद्धा वरची काच तेवढी घेतात, आणि तीही माणूस गेल्यावरच. जिवंत माणसाचा डोळा आम्ही घेत नाही. तरी जाईनात. म्हणाले, बघा मॅडम, माझं काम मोजायचं आहे. ते एका डोळ्यानं भागतं. हिचं नाही भागत, मी घरी बघितलंय."

माझ्या उजव्या डोळ्यात टाके होते आणि त्यातून पाणी यायला लागलं. ते झोंबत होतं, पण मला थांबवता येईना. बाईंनी कापूस पुढं केला. मी आधी बघितलं, पाणी लाल नव्हतं.

खाली गाडीपाशी आल्यावर मी म्हणाले, "तुमच्या डोळ्याला नंबर आहे. मी घेतला नसता."

"ठाऊक हाय," हे म्हणाले. "म्हणून तुला नाही, डॉक्टरला विचारलं."

त्यांनी किक मारली. मी मागं बसले आणि पुनावळ्यापर्यंत त्यांचा शर्ट घट्ट धरून ठेवला. शर्ट नवीन होता, मी काही बघितलं नाही.